दुसरी प्रत

सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझं टेबल, स्टूल आणि मशीन.
सत्तावीस वर्षं मी लोकांची सुटका टाइप करतोय,
पानाला आठ रुपये, कार्बनचे वेगळे.

बागूल बाई सकाळी लॉ कॉलेजात
पुराव्याचा कायदा शिकवायच्या,
अकराला रिक्षातून उतरायच्या,
बोटांना खडू तसाच.
माझ्या कोऱ्या कागदावर त्यांचे पांढरे ठसे.
मी म्हणायचो, बाई, पंचनामा होईल.
हसायच्या नाहीत. अंगठा पदराला पुसायच्या.

ठाण्यातले हवालदार त्यांना पाहून
आपसात म्हणायचे, बागुलबुवा आला रे.
एकदा त्यांच्या कानावर गेलं.
म्हणाल्या, असू दे.
कोठडीतलं पोर रात्रभर भ्यालेलंच असतं,
बाहेरच्यांनीही थोडं भ्यावं.
आणि अटकेची वेळ विचारली.
स्टेशन डायरी उघडेपर्यंत बाकावरून उठल्या नाहीत.

सुरमल काळे, वस्ती सिन्नरच्या अलीकडची.
विहिरीवरच्या मोटारीची तार, फिर्यादीत सतरा किलो,
मुद्देमालात साडेतीन.
या गुन्ह्याला शिक्षा फार तर तीन वर्षं,
आणि खटला उभा राहायच्या आत
तो नाशिकरोडला बसून होता
तीन वर्षं, चार महिने.
जामीन कधीच झाला होता. जामीनदार नव्हता.
ज्याच्या नावावर सातबारा नाही, रेशनकार्ड नाही,
त्याला ओळखतो म्हणून सही कोण करणार?
बाईंनी वर्गात फळ्यावर लिहिलं:
जादाचे चार महिने कुठल्या खात्यात जमा धरायचे?
पोरांनी प्रश्न वहीत उतरवून घेतला.
एकानं हात वर केला,
मॅडम, हे परीक्षेला आहे का?

हरायच्याही पुष्कळ.
सुटलेले पेढे घेऊन यायचे, पुन्हा दिसायचे नाहीत.
न सुटलेल्यांकडे त्या स्वतः जायच्या,
पिशवीत कुणाचा दुरुस्त केलेला चष्मा,
कुणाच्या मुलीची गुणपत्रिका.

मग सातपूरचं ते प्रकरण.
कंपनीच्या गेटवर माझ्या मेव्हण्याच्या
डोक्यात रॉड. अकरा दिवस बेशुद्ध,
बारावा दिवस नाहीच.
ज्याला धरलं त्याचं वकीलपत्र बाईंनी घेतलं.
नेहमीसारख्या आल्या, पण कागद पिशवीतच.
म्हणाल्या, धोंडीराम, हा अर्ज
मी पलीकडच्या टेबलावर देते.
मी म्हणालो, द्या इकडे.

का म्हणालो, ते आजही सांगता येणार नाही.
पोटाचा प्रश्न नव्हता, आठच रुपये होते.

टाइप केलं. दुसऱ्या परिच्छेदात
त्यांच्या अक्षरात आरोपी होतं,
मी गुन्हेगार मारलं.
चुकून नाही. एकेक अक्षर बघून.

त्यांनी उभ्यानं वाचलं.
खिशाला लावायच्या हिरव्या पेनानं
त्या शब्दावर एक आडवी रेघ ओढली,
वर बारीक लिहिलं, आरोपी.
म्हणाल्या, निकालापर्यंत हा शब्द
तुमचाही नाही, माझाही नाही.
मग जरा थांबून,
तुम्हाला बसवतंय ना? पाणी घ्या.

मी नवा कागद चढवला.
अ, काना, र.
बोटं चालत होती.

तो सुटला. रॉड त्याच्या हातात
कुणीच पाहिला नव्हता;
पाहिला म्हणणारे दोघं त्या दिवशी
पाळीवरच नव्हते. खरा कोण, ते
फायलीत नाही. शोधलंही नाही कुणी.
बहीण माझ्याशी बोलत नाही,
राखी दारातल्या बाकावर ठेवून जाते.

बाई निवृत्त झाल्या, गुडघ्यानं जिना बंद झाला.
नव्या पोरांकडे लॅपटॉप आहेत.
माझ्याकडे येतात ते नोटरीवाले,
भाडेकरार, नावातला बदल.

खणात तळाशी ते पहिलं पान आहे,
हिरव्या रेघेसकट.
खाली त्याचीच कार्बनची प्रत,
तिच्यावर रेघ नाही.
दोन्हीपैकी एक फेकायचं
दर दिवाळीला खण आवरताना ठरवतो.